दुसरी रेघ

१

शनिवारी कंपनीच्या बसमधून उतरला की गुंडो धावत सुटायचा. ओरगडमच्या कारखान्यातली पहिली पाळी दोनला सुटायची, बस तांबरमला यायला सव्वातीन व्हायचे आणि साडेतीनला जपानातून नवा भाग यायचा. तेवढ्या पंधरा मिनिटांत रेल्वेचा पूल ओलांडायचा, पिठाच्या गिरणीपाशी वळायचं आणि दोन जिने चढायचे. वर अक्का लॅपटॉप उघडून बसलेली असायची. मान न वळवता म्हणायची, "आले कारखानदार. बूट बाहेर."

अक्का म्हणजे श्रीरंजनी, त्याची थोरली बहीण. विमा कचेरीत टायपिंग करायची, शनिवारी तिला अर्धा दिवस असायचा. ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं, वेड तिचं. गुंडोला ते तिच्यापासून लागलं, घरातली सर्दी लागावी तसं. दर तीन महिन्यांनी नव्या मालिका सुरू झाल्या की कोणती कधी येणार त्याचा कागद ती कपाटाच्या दारावर चिकटवायची. तिचा कायदा साधा होता: तीन भाग बघायचे, जीव रमला नाही तर सोडून द्यायचं. या जानेवारीत तिने एकच मालिका ठेवली होती. समुद्र आटून गेलेल्या एका ग्रहावर एक मुलगी दीपगृह सांभाळते. जहाजं यायची कधीच बंद झालीत. तरी ती रोज दिवा पुसते आणि रोज एकदा वायरलेस उघडून विचारते, कोणी आहे का. पाच भाग झाले तरी कोणी ओ दिली नव्हती.

"हिला कोणीतरी सांगा," गुंडो म्हणायचा, "की बये, बंद कर तो डबा."

"तू सांग की. तुझा फोन दोन मिनिटं लागला नाही तर सगळी बस डोक्यावर घेतोस."

जपानी दोघांनाही येत नव्हतं. खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या अक्काला पुरायच्या. गुंडोचं तसं नव्हतं. नववीत दोनदा आपटून त्याने शाळा सोडली होती. तमिळ अक्षर तो सावकाश का होईना वाचायचा. इंग्रजी अक्षर मात्र डोळ्यांसमोरून मासोळीसारखं सटकायचं. म्हणून अक्का सगळ्या ओळी घरच्या मराठीत करायची. घरची मराठी म्हणजे तंजावरची, तीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहून तिच्यासारखेच हेल काढणारी. आणि लिहायची तमिळ अक्षरांत, कारण गुंडोला तीच येत. तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षराने लिहितात, म्हणून ग असला की अक्का त्या अक्षरापुढे एक टिंब टाकायची. ही लिपी वाचणारा माणूस जगात एकच होता. शनिवारी संध्याकाळी सुरू केलेलं काम रविवारी दुपारी संपायचं, मग दोघं तोच भाग पुन्हा बघायचे, या खेपेला कळून.

पाचवा भाग असाच बघितला. सोमवारी तिला ताप भरला. डेंग्यू, असं म्हणाले आणि इस्पितळात ठेवलं. शुक्रवारी ती गेली.

गेली तेव्हा जवळ कोणी नव्हतं. आई औषधं आणायला खाली उतरली होती. गुंडो होता, पण दारावरच्या पहारेकऱ्याशी पाण्याच्या बाटलीवरून त्याचं वाजलं, आणि डोक्यात राख घालून तो रस्त्यावर निघून गेला. चाळीस मिनिटांनी परत आला तर खाटेभोवती पडदा ओढलेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं, जाण्याआधी ती काहीतरी बोलली. दोनदा बोलली.

"काय बोलली?"

"तुमच्या भाषेत बोलली, बाबा," ती बाई म्हणाली. "मला कुठून कळणार."

२

तेरा दिवस झाले. आलेली माणसं पांगली. घरात दोघंच उरली, गुंडो आणि आई. बाबा आवडी गावच्या कारखान्यात कारकून होते, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या वेळी अक्काने घर सावरलं होतं. या वेळी सावरायला कोणी नव्हतं. आई भांडी घासायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची.

रविवारी दुपारी गुंडो अक्काच्या खोलीत गेला. खोली कसली, हॉलला लागून असलेली अडगळीची जागा. टेबल, खुर्ची आणि कपाट आत गेल्यावर माणसाने आडवं होऊन शिरायचं. त्याने लॅपटॉप उघडला.

"लावतोस?" आई हॉलमधून म्हणाली. "लाव. घरात आवाज असू दे." आणि पंख्याखाली चटईवर कलंडली.

मधल्या एका शनिवारी मालिकेला सुट्टी होती; सहावा आणि सातवा भाग आपोआप उतरून पडले होते, अक्काने तशी सोय करून ठेवली होती. त्यात नवल नव्हतं. पण सहाव्याच्या शेजारी ओळींची फाइल होती.

गुंडोने तारीख बघितली. शनिवारची होती. त्या शनिवारी सकाळी तो अक्काच्या अस्थी मडक्यात घेऊन समुद्रावर उभा होता.

विचार करत बसणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने भाग लावला. दीपगृहातली मुलगी फडकं पिळत काहीतरी बोलली आणि खाली तमिळ अक्षरं उमटली: दिवा पुसून झाला. आता काय करूं? ते शेवटचं अनुस्वारातलं करूं अक्काचं होतं, आजीचं होतं, घरचं होतं. पुढच्याच ओळीत एक ग होता आणि त्याच्यापुढे टिंब होतं. तेरा दिवसांत त्याच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब निघाला नव्हता, तो आता निघाला.

नवव्या मिनिटाला ती मुलगी जिन्यावर नुसती बसते. बोलत नाही. वाऱ्याचा आवाज येतो. त्या वाऱ्याखाली ओळ आली:

पंखा कमी कर. आईला गार वाजतं.

गुंडो उठला, हॉलमध्ये जाऊन पंखा पाचावरून दोनावर आणला. आईने झोपेतच पदर पावलांवर ओढून घेतला होता. तो परत येऊन खुर्चीत बसला आणि बसल्यावर त्याच्या मानेवरचा घाम एकदम थंड झाला. दीपगृहात पंखा नव्हता.

त्याने भाग मागे नेला. मुलगी जिन्यावर बसली. वारा वाहिला. खाली काही आलं नाही. त्याने पाच वेळा मागे नेलं. काही आलं नाही.

३

"तिने ती फाइल पुस्तकावरून केली असेल," वादिराज म्हणाला.

वादिराज त्याच्याच लाइनवर ब्रेकच्या नळ्या बसवायचा आणि बसमध्ये त्याच्या शेजारी बसायचा. कानडी घरातला, पण बोलणं दोघांचं तमिळमध्ये. ॲनिमेच्या बाबतीत तो स्वतःला पंडित समजायचा.

"कुठल्या पुस्तकावरून?"

"अरे, ही मालिका चित्रांच्या पुस्तकावरूनच काढलीय. पुढची गोष्ट छापून कधीच आलीय. वाचली असेल तुझ्या अक्काने, आणि तुझ्यासाठी आधीच ओळी करून ठेवल्या असतील. तू पडलास ढ."

"आणि तारीख?"

"फाइल तिच्या फोनमधून इंटरनेटवर जाते, तिथून लॅपटॉपवर येते. पोचते त्या दिवसाची तारीख पडते. फोन कुठाय तिचा?"

"कपाटात. बंद."

"बंद व्हायच्या आधी गेली असेल." वादिराजने त्याच्याकडून फाइल आपल्या फोनवर घेतली आणि कानात तार घालून नववं मिनिट काढलं. मराठी त्याला येत नव्हती, पण अक्षरं तर वाचता येत होती. बस पडप्पैच्या वळणावर आली तरी तो बघत होता. "इथं काहीच लिहिलेलं नाही रे."

"होतं."

"रडत होतास ना? डोळ्यांत पाणी असलं की माणसाला काहीही दिसतं. माझा काका मेला तेव्हा आजीला रेशनकार्डावर त्याचा फोटो दिसायचा. रेशनकार्डावर फोटोच नव्हता." तो हसला, मग गुंडोचा चेहरा बघून त्याने कानातली तार काढली. थोड्या वेळाने म्हणाला, "सातव्याची फाइल आहे का?"

"नव्हती काल."

"मग झालं तर. तिने सहाव्यापर्यंतच केलं. डोकं शांत ठेव."

गुंडोला ते पटलं. पटल्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटण्याच्या खाली कुठेतरी फार वाईट वाटलं.

घरी आई नव्हती. मठात गेली होती, आणि जाताना कुकर लावून ठेवला होता. शेजारणीकडे निरोप होता की तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. गुंडोने गॅस पेटवला, लॅपटॉप उघडला आणि सातव्या भागाच्या शेजारी फाइल बघितली. तारीख त्याच दिवसाची. वेळ तीन वाजून दहा मिनिटं. तीन वाजून दहा मिनिटांनी तो बसमध्ये होता आणि वादिराज त्याला डोकं शांत ठेवायला सांगत होता.

त्याने भाग लावला. गोष्टीच्या ओळी गोष्टीसारख्या येत राहिल्या. मुलगी शिडी चढली, काच पुसली, खाली उतरली. स्वयंपाकघरात शिट्ट्या होत होत्या, पण गुंडोचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मुलीने वायरलेसचं झाकण उघडलं. आणखी एक शिट्टी झाली. शिट्टी संपली, आणि तिच्या जरा मागून ओळ आली:

तिसरी झाली. बंद कर.

त्याने धावत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभा राहिला. स्वयंपाकघरात डाळीचा वास होता. गिरणीचा पट्टा खाली फडफडत होता. विजेची गाडी स्टेशनात शिरल्याचं ऐकू आलं. सगळं जिथल्या तिथे होतं. ओळ किंचित उशिरा आली, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. अक्काला ते मुळीच खपायचं नाही. आवाज आणि ओळ एकत्र यायला हवी, असा तिचा हट्ट असायचा. मागेपुढे झाली तर सरकवायची दोन बटणं तिने त्याला दाखवली होती.

वादिराजला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने याचंही काहीतरी कारण काढलं असतं.

४

आठवा भाग शनिवारी साडेतीनला आला आणि तीन चाळीसला फाइल आली. अक्काला जिवंतपणी एक दिवस लागायचा.

गुंडोने खोलीचं दार लोटलं. भाग निम्म्यावर येईपर्यंत तो नीट बसून होता, हात मांडीखाली घेऊन, जसा लहानपणी दवाखान्यात बसायचा. मग त्याला राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, "अक्का."

पडद्यावर मुलगी पाठमोरी उभी होती. तिच्या पायांशी दोन ओळी आल्या:

– अक्का.
–

वरच्या ओळीला रेघ होती, आणि खाली नुसती रेघ.

ओळी कशा लिहायच्या त्याचे अक्काचे नियम होते, आणि तो विचारायचा म्हणून ती सांगायची. दोनपेक्षा जास्त ओळी एका वेळी टाकायच्या नाहीत. एकच माणूस बोलत असेल तर ओळ साधी लिहायची. समोरासमोर दोघं असतील तर प्रत्येकाच्या बोलण्याआधी एक छोटी रेघ काढायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की माणसं दोन आहेत. "एकट्या माणसाला रेघ नाही," ती म्हणायची. "रेघ दिसली की समज, कोणीतरी समोर आहे."

गुंडोने खोलीत बघितलं. कपाट होतं. कपाटावरचा कागद होता, त्यावर पाच भागांवर अक्काने हिरव्या शाईने काट मारली होती. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर पडली होती. उकाडा होता. त्याच्या अंगावर काटा होता, पण उठून जावंसं त्याला वाटलं नाही. खरं सांगायचं तर ती रिकामी रेघ जाईपर्यंत त्याने पापणी हलवली नाही.

नवव्या भागात ती भरली. तो म्हणाला, "अक्का, ऐकू येतं का?" आणि खाली आलं:

– हं.

मग तो बोलतच सुटला. नवव्यात बोलला, दहाव्यात बोलला. सुपरवायझर शेषगिरीने कसा पाणउतारा केला, वादिराजने डब्यातलं लिंबाचं लोणचं कसं लंपास केलं, आई रात्री उठून कशी कपाट आवरते. दीपगृहातल्या मुलीचं काय चाललंय तिकडे त्याचं लक्षही नसायचं. खालच्या रेघेपुढे एखादाच शब्द यायचा. सरि, तमिळमधलं ‘बरं’. मग? खाल्लंस का? चोवीस मिनिटं संपली की पडदा काळा व्हायचा आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याला कोणाशी बोलायचं काही उरायचं नाही. कारखान्यात त्याचं बोलणं तुटलं. घरी तो ताट घेऊन अक्काच्या खोलीत जायचा.

"माझ्याशी बोलायला पण खाली अक्षरं यायला हवीत काय रे?" एकदा आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून एकटीच जेवत होती. गुंडोने दार लोटून घेतलं.

बारा भागांची मालिका होती. दोन राहिले होते. ते संपल्यावर काय, हे त्याच्या मनात येऊन जायचं. आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते त्याने अजून विचारलं नव्हतं. चाळीस मिनिटांत ती दोनदा काय बोलली, हे कळायला ती भाषा येणारा माणूस तिथे असायला हवा होता, आणि तो रस्त्यावर उभा राहून टपरीच्या खांबाला लाथा मारत होता. हे विचारायला तोंड कसं उघडायचं?

५

अकराव्या भागात ओळी पुढे पळाल्या.

सुरुवातीलाच आलं: – पाणी पिऊन येतो. गुंडोने ते वाचलं, कोणाचं म्हणून शोधू लागला, आणि त्याचा घसा कोरडा पडला. "पाणी पिऊन येतो," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं की ओळ त्याचीच होती.

त्याने ओळ मागे सरकवायचं बटण दाबलं. दहा वेळा दाबलं. गोष्टीच्या ओळी सरकल्या. मुलीच्या तोंडाशी त्यांचा मेळ राहिला नाही. त्याची ओळ तिथेच राहिली. मग त्याने ओठ मिटून घेतले. नाही बोलायचं. काय होतंय ते बघू.

– नाही बोलणार मी.

दातांवर दात दाबून तो बसला. पडद्यावर मुलीने दिव्याची वात वर केली. घड्याळाचा काटा टकटकत होता. खालच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. स्कूटर चालू झाली आणि त्याच क्षणी गुंडोला स्वतःचा आवाज ऐकू आला, रागावलेला, लहान मुलासारखा. "नाही बोलणार मी."

आता त्याला खरी भीती वाटली. आजवर तो बोलायचा आणि कोणीतरी लिहायचं. आता लिहिलेलं होतं आणि तो त्याच्यामागून चालत होता. लॅपटॉप मिटावा म्हणून त्याने हात पुढे केला. पण भाग संपत आला होता, एकच उरणार होता, आणि मनातला प्रश्न विचारावा की न विचारावा या घोळात त्याचा हात झाकणावर तसाच राहिला. तेवढ्यात तो प्रश्नच खाली उमटला:

– शेवटी काय बोललीस?
–

त्याने तो मोठ्याने म्हटला. म्हटलाच. शेवटचं गाणं सुरू झालं, जपानी नावं वर सरकू लागली, आणि रिकामी रेघ शेवटपर्यंत तशीच राहून नावांबरोबर विझली.

"शनिवारी आमच्याकडे ये," वादिराज बसमध्ये म्हणाला. "शेवटचा भाग मोठ्या टीव्हीवर लावतोय. माझी आई बज्जी करणार आहे. तू वाळलायस किती, बघ आरशात."

"नको."

"ढ माणूस एकटा बघितल्याने हुशार होत नाही."

"नको म्हटलं ना."

वादिराजने खिडकीकडे तोंड फिरवलं. ओरगडमची कुंपणं, ट्रेलरच्या रांगा, मोकळे प्लॉट. 

६

शनिवारी आई भाजीला निघाली तेव्हा साडेतीनला पाच कमी होते. "दाराची कडी लावून घे," ती जिन्यावरून म्हणाली. गुंडोने लावली नाही. तो खोलीत जाऊन बसला होता.

फाइल आली. भाग सुरू झाला. दीपगृहाचं तेल संपत आलं होतं. मुलगी शेवटचा डबा हलवून बघते, कान लावते, पुरेल की नाही ठरवते. उन्हं खिडकीतून टेबलापर्यंत आली होती आणि पडद्यावर धूळ दिसत होती. गुंडो काही बोलला नाही. खाली गोष्टीच्याच ओळी येत होत्या, साध्या, बिनरेघेच्या. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आज ती येणारच नाही, असं त्याला वाटायला लागलं.

विसाव्या मिनिटाला मुलीने वायरलेस उघडला. कोणी आहे का, असं विचारायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडाखाली आलं:

दार उघडं टाकून कोठे गेला हा?

गुंडोने ते सावकाश वाचलं, त्याची वाचायची रीत होती तसं, एकेक अक्षर जोडत. मुलीचं वाक्य नव्हतं ते. त्याचं नव्हतं. अक्काचं तर नव्हतंच. हा हेल आईचा होता.

गुंडो?

ओळ गेली. पुन्हा आली.

गुंडो?

त्याला काय खटकतंय ते लगेच कळेना. मग कळलं. रेघ नव्हती. आई बोलत होती, त्याला हाक मारत होती, आणि ओळीला रेघ नव्हती. एकट्या माणसाला रेघ नसते; म्हणजे ती हाक मारेल तेव्हा ओ द्यायला तो नसणार होता.

आई अजून आलीच नव्हती. ओळी पुढे पळत होत्या. घरात घड्याळ टकटकत होतं. मग खाली, पहिल्या जिन्याच्या पायरीवर, आईच्या चपलांचा आवाज आला. डाव्या पायाची चप्पल ती घासत चालायची. एक पायरी, दम, दुसरी पायरी.

पडद्यावर दोन रेघा आल्या, एकीखाली एक. दोन्ही रिकाम्या. मग खालची भरू लागली. एरवी ओळ एकदम उमटायची. ही अक्षराअक्षराने येत होती, आजारी माणसाने लिहावी तशी. पहिलं अक्षर आलं. क. आणि त्याच्यापुढे टिंब.

ग.

ग-ने त्याचं नाव सुरू होत होतं. ग-ने शंभर गोष्टी सुरू होत होत्या. अजून थोडं थांबायचं होतं, चार-पाच अक्षरं फक्त, आणि त्याला कळलं असतं. इथली गेलेली ओळ पुन्हा दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मागे नेलं तर तिथे वाराच असणार होता.

आईच्या चपला दुसऱ्या जिन्याच्या वळणावर आल्या. पिशवी कठड्याला घासली. दुसरं अक्षर यायला लागलं.

गुंडो उठला. खुर्ची मागे पडली. "आलो, आई," तो ओरडला, एवढ्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

तो हॉलमध्ये आला तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती, पिशवी छातीशी धरून. "दार उघडं टाकून कोठे—" ती म्हणत होती, आणि त्याला बघून थांबली.

"आहे मी," गुंडो म्हणाला. "इथेच आहे."

"मग ओरडतोस काय? मेले ना मी घाबरून." तिने पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवी जड होती. आईच्या बोटांवर बंदांचे वळ उठले होते, तिने ते चोळले. त्याने तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तिनेही सोडवून घेतलं नाही.

स्वयंपाकघराकडे जाताना खोलीचं दार लागतं. बघायचं नाही असं ठरवून तो चालला होता. पण बघितलं. खुर्ची आडवी पडली होती. पडद्यावर मुलगी तोंड मिटून समोर बघत होती, सरळ दाराकडे, आणि तिच्या खाली दोन ओळी होत्या. आजवर कुठलीच ओळ इतका वेळ थांबली नव्हती. जणू त्याला वाचायला वेळ लागतो हे लिहिणारीला ठाऊक होतं.

– आलो, आई.
– सरि. जाऊन ये.

७

आई विळीवर घेवडा चिरायला बसली. गुंडो तिच्या समोर भिंतीला टेकून शेंगांच्या शिरा काढत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं आणि आई त्याने सोललेली प्रत्येक शेंग पुन्हा तपासत होती. आतल्या खोलीत शेवटचं गाणं वाजलं आणि थांबलं.

"संपली काय ती?" आईने विचारलं.

"संपली."

"बरं झालं. ऊठ आता, दोन दिवस जरा माणसांत ये."

"हं."

फोन वाजला. वादिराजचा निरोप होता, लांबलचक, तमिळमध्ये, निम्मा शिव्यांनी भरलेला. भागाच्या शेवटी, नावं संपल्यावर, एक पाटी आली म्हणे. ढ लोक गाणं लागलं की उठतात, म्हणून मुद्दाम कळवतोय. गुंडोने तो निरोप दोनदा वाचला.

"कोणाचं रे?"

"वादिराजचं."

"काय म्हणतो?"

गुंडोच्या हातात शेंग तशीच राहिली. खोलीचं दार इथून दिसत नव्हतं, पण ते उघडं होतं.

"ती परत येणार म्हणे," तो म्हणाला. "जुलैत."

आईचा हात विळीवर थांबला. तिने वर बघितलं. "कोण?"

"मालिका. तिचा पुढचा भाग."

"असं होय." आईने श्वास सोडला आणि पुन्हा चिरायला लागली, बारीक, एकसारखं. "येऊ दे की रे," ती म्हणाली. "येऊ दे."